‘गं’चं कापड

हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा. त्या गोधडीतून कात्रीबाईंना मिळायचं होतं ते पैशाअडक्याहून चढं होतं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, शाळेच्या सभागृहात कात्रीबाईंच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरवणार होत्या, आणि ते बघायला विहीणबाई येणार होत्या. लेकीची सासू. ‘घरात वेळ जात नाही’ म्हणून त्या कात्रीबाईंच्याच गोधडीवर्गात येऊन बसायच्या आणि टाका घालता घालता दर खेपेला एक तरी शंका काढायच्या. या बाईला एकदा गप्प केलं, की लेक सासरी दोन बोटं उंच होईल, असा कात्रीबाईंचा अंदाज.

कात्रीबाईंचं नाव झालं होतं ते कापडी अक्षरांमुळे. नमुना नाही, खडू नाही, फूटपट्टीला तर वर्गात बंदीच. कापडाला सरळ कात्री लावायची, अक्षर हाताला येईल तसं कापायचं आणि तुकड्याला तुकडा जोडत जायचं. त्यांचा ‘क’ पोट सुटल्यासारखा दिसायचा आणि ‘र’ कुणाची तरी वाट बघत भिंतीला टेकल्यासारखा. लोकांना ते आवडायचं. कात्रीबाईंना तर फारच.

मोठ्या बाईंचे यजमान पोस्टमास्तर होते. ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं. संध्याकाळी जिन्याच्या पहिल्याच पायरीवरून ते हाक द्यायचे, “आलो गं.” मोठ्या बाईंना गोधडीवर तेवढंच हवं होतं, त्यांच्याच सदऱ्यांच्या कापडात. ‘आ’ आणि ‘लो’ कुठल्याही सदऱ्याचे चालतील. ‘गं’ मात्र निळ्या रेघांच्या सदऱ्याचा, कारण शेवटच्या दिवशी अंगात तो होता. सदरा पुढे केला तरी त्यांची बोटं काही लगेच सुटली नाहीत.

वर्गात विहीणबाईंनी तो सदरा उजेडाकडे धरला. “विरलंय हो हे. मागून अस्तर लावायचं का?”

“विहीणबाई, माझ्या अक्षरांना कुबड्या लागत नाहीत.”

बायका हसल्या. हसू मिळालं की कात्रीबाईंचा हात सैल सुटे. त्यांनी सदऱ्याची चौपदरी घडी घातली, “बघा हं, न बघता,” म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडे करून, चारही पदरांतून एकदम, ‘गं’ कापला. नाजूक, डौलदार, बोटभर रुंदीचा. विहीणबाईसुद्धा वाहवा म्हणाल्या.

घरी मशीनवर बसल्यावर तो डौल उतरला. शिवण दोन्ही बाजूंनी कापड खाते, हे त्या दुसऱ्यांना शिकवायच्या. बोटभर पट्टीतलं अर्धं शिवणीने खाल्लं, उरलेलं टाक्यालगत फाटलं. दुसऱ्या पदरातलं जोडलं, तेही फाटलं. बाह्या गेल्या, खिसा गेला, आणि ‘गं’च्या टिंबापुरतंही धड कापड उरलं नाही. चिंध्या त्यांनी बटणांच्या डब्यात कोंबल्या. मग उठून नवऱ्याचं कपाट उघडलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या नवऱ्याचाही एक निळ्या रेघांचा सदरा होता, कॉलर उलटून शिवलेला, त्याचा फार जीव असलेला. रेघ जरा रुंद होती. पण रेघा मोजत कोण बसतंय?

गोधडी जड, म्हणून वर पोचवायला कात्रीबाईंबरोबर घड्याळवालेही आले. मोठ्या बाईंनी ती पलंगावर पसरली, ‘आ’वरून हात फिरवला, ‘लो’वरून फिरवला, आणि ‘गं’शी येऊन वाकल्या. गाल टेकवला.

“याला अजून त्यांचा वास आहे,” त्या म्हणाल्या. “भाऊजी, तुम्ही ओळखता ना हा सदरा?”

घड्याळवाल्यांनी चष्मा वर केला. दोन दिवस ते घरभर जे शोधत होते, ते इथे पलंगावर पडलेलं होतं. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको फरशीकडे बघत होती.

“ओळखतो,” ते म्हणाले. “चांगलाच ओळखतो.”

घरात आल्यावर ते म्हणाले, “म्हणजे मी जिवंतपणीच गोधडीत गेलो.”

“अहो, हळू बोला.”

“हळूच बोलतोय. तिकडे तिच्या गालाखाली माझी पाठ आहे, तिला ऐकू जायला नको.”

कात्रीबाईंना हसूही येईना आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं सांगून टाकायचं ठरवून त्या वर गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. मोठ्या बाई झोपल्या होत्या, गोधडी गळ्यापर्यंत, तळहात ‘गं’वर पसरलेला. वर्षभरात या बाईला दुपारची झोप नव्हती, हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. कात्रीबाईंनी उंबऱ्यातच हिशेब केला: सांगितलं तर मन हलकं होईल ते आपलं, आणि झोप जाईल ती यांची. आल्या पावली त्या खाली उतरल्या. त्यातही थोडी सुटकाच वाटली, आणि त्या सुटकेची लाज वेगळी.

प्रदर्शनाला गर्दी बरी झाली. विहीणबाई थेट ‘आलो गं’पाशी गेल्या आणि ‘गं’ चिमटीत धरून बघितला.

“भलतंच दमदार निघालं की हो कापड. उजेडात तर चाळणी दिसत होतं.”

शेजारी मोठ्या बाई उभ्या. पलीकडे घड्याळवाले, छताकडे बघत.

“अस्तर लावलं,” कात्रीबाई म्हणाल्या. “तुमचं ऐकलं.”

मोठ्या बाईंनी विहीणबाईंचे दोन्ही हात धरले. “मग यांचा ‘गं’ तुमच्यामुळे राहिला म्हणायचा.” आणि मुख्याध्यापिकेच्या सवयीने त्यांनी ते साऱ्या सभागृहाला ऐकवलं. टाळ्या झाल्या.

“मी आपलं सहज सुचवलं,” विहीणबाई म्हणाल्या, आणि हौसेने पुढच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. लेक त्यांच्या मागे त्यांची पर्स धरून उभी राहिली. कात्रीबाईंनीही टाळ्या वाजवल्या; सगळ्यांत शेवटी थांबल्या त्या त्याच.

तर जमेला असं: विहीणबाईंना मान, मोठ्या बाईंना झोप. पोस्टमास्तर बटणांच्या डब्यात. सदरा घड्याळवाल्यांचा गेला, आणि सदऱ्यापाठोपाठ आणखी एक गेलं. घड्याळवालेही इतकी वर्षं दुकानातून परतले की दारातून “आलो गं” म्हणत. सगळेच नवरे म्हणतात, कुणी लक्षही देत नाही. आता ते दाराशी नुसते खोकतात. कात्रीबाई आतून कडी काढतात, आणि कोण आहे असं विचारत नाहीत.