उभी वाटणी

"वहिनी, तुमचं रान आत्ताच झोपेतून उठल्यासारखं दिसतंय. जरा वेणीफणी करा त्याची!" हद्दीच्या दगडांपलीकडून धाकट्यानं हाक दिली, आणि ट्रॅक्टरवर बसलेला नांगरवाला खो खो हसला.

थोरलीनं वर बघितलं नाही. खांद्याला अडकवलेल्या झोळीत तिनं बी घेतलं होतं, ओट आणि वाटाणा एकत्र कालवलेलं, आणि मका काढून नेल्यावर उरलेल्या धसकटांमधून मूठमूठ फेकत ती उतार चढत होती. या घरात ती मोठ्या भावाची बायको म्हणून आली, तेव्हापासून तिचं नाव थोरलीच पडलं होतं. नवऱ्याची पाठ मक्याच्या काढणीत धरली होती, तो घरात पालथा पडून छताला सोडून सगळ्यांना सल्ले देत होता. रान तिच्या एकटीच्या गळ्यात.

"माझ्या रानाला नटायचं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "अंगावर पांघरूण असलं म्हणजे झालं."

धाकट्याच्या रानावर पांघरूण नव्हतं. मक्याची ताटं त्यानं आदल्या दिवशी पेटवून दिली होती. उतारावर वरपासून खालपर्यंत काळा पट्टा पडला होता, आणि त्या राखेत आता नांगर घालायचा, माती मैद्यासारखी करायची आणि गहू टाकून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत होता. धाकट्याला मोकळं होण्याची फार घाई. लग्नातसुद्धा तो जेवणाच्या पहिल्या पंगतीला बसला होता, स्वतःच्याच.

थोरली दगड ओलांडून पलीकडे गेली. वाकून तिनं मूठभर माती उचलली, दाबली, हवेत उडवली, झेलली. गोळा फुटला नाही.

"हे बघा. चेंडू झालाय. अजून ओली आहे. हिच्यावर हे धूड फिरवलंत की खाली फरशी बसेल. मग पाणी मुरणार कुठून?"

"बाई, पाणी मुरवायचं काम माझं नाही," नांगरवाला म्हणाला. "मी नांगरतो. मुरवणारा दुसरा बघा." त्याला सगळे वकील म्हणत, कारण ट्रॅक्टर चिखलात रुतला तरी चूक चिखलाची असे.

"वाळायची वाट बघत बसलो तर गहू कोण पेरणार? तुमची नातवंडं?" धाकटा म्हणाला.

"बरं, पेरा. पण नांगर आडवा तरी चालवा. उताराला आडवा."

"आडवा!" धाकट्यानं हात पसरून आपल्या पट्ट्याची रुंदी दाखवली. "एवढ्याशा जागेत ट्रॅक्टर वळवू कुठं? तुमच्या डोक्यावर?"

तो खरं बोलत होता.

सासरे गेल्यावर भावांनी रानाची वाटणी केली, तेव्हा एकाला वरचं आणि एकाला खालचं असं आडवं तोडता आलं असतं. पण वर माती हातभर, तिच्याखाली सरळ कातळ. खाली माती जाड, विहीर जवळ. वरचं कोण घेणार? मग दोघांनाही सारखं वर आणि सारखं खाली मिळावं म्हणून टेकडीच्या कपाळापासून विहिरीपर्यंत उभी दोरी ताणली, आणि केसात भांग पाडावा तसे मधोमध दगड मांडले. वाटणी चोख झाली, कोणाचं बोटभर कमी नाही. फक्त सासऱ्यांनी उतारावर जागोजागी गवताचे आडवे बांध राखले होते, ते आता दोघांच्या पट्ट्यांतून जात होते. बांधावरचं गवत याच्या गुरांनी जास्त खाल्लं की त्याच्या, यावरून एका हंगामात इतकी तोंडं वाजली की दोघांनीही आपापल्या बाजूचे बांध नांगरून टाकले. दोन अरुंद, उभे, गुळगुळीत पट्टे राहिले. घसरगुंडीसारखे. त्यानंतर नांगर चालवायचा तर वरून खाली आणि खालून वर, दुसरा मार्गच उरला नाही.

ट्रॅक्टर धूर सोडत चढला. थोरली आपल्या धसकटांत परत गेली आणि बी फेकत राहिली, पण कान तिकडेच होते. ओल्या मातीत नांगर शिरला की आवाज येत नाही. कापल्यासारखी ती गुपचूप उलटते, आणि तिचा कापलेला भाग चकचकतो. तो चकचकाट तिला अजिबात आवडला नाही.

*

आठवड्याभरानं, थोरलीचा ओट उगवून आला तेव्हा, धाकट्याचा गहू टाकून झाला आणि एक हलकीशी सर आली. धूळ बसवायला येते तेवढीच. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीनं विहिरीतून बादली ओढली, तर पाणी तांबूस.

तिनं ते ओतून दिलं. दुसरी बादली ओढली. तीही तशीच. बादलीच्या तळाला बारीक गाळ बसला होता, बोटाला साईसारखा लागला.

"ताई, तुमच्याकडे पण असंच येतंय का?" धाकटी मागे येऊन उभी होती, घागर कमरेवर. थोरलीची जाऊ. भांडणं भावांची असली तरी विहीर एकच होती, त्यामुळे बायकांना एकमेकींशी अबोला धरणं परवडत नव्हतं.

"विहीर काय वेगवेगळी आहे, बाई?"

धाकटीनं इकडेतिकडे बघितलं. मग घागर खाली ठेवली. "ताई, वरती चाकाच्या चाकोरीत एक ओघळ पडलाय. काल माझं बोट मावत होतं. आज हात मावतो."

"भाऊजींना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, हात घालत जाऊ नकोस."

दोघी हसल्या. पण हसू लगेच विरलं, कारण आभाळाच्या एका बाजूला, टेकडीच्या मागे, सकाळपासून काहीतरी साचत होतं. ढग म्हणावेत तर त्यांना कडा नव्हत्या. वारा पडला होता. पाखरं धाकट्याच्या रानात गव्हावर तुटून पडायला हवी होती, पण तिथं एकही नव्हतं.

"माझ्याकडे मक्याची ताटं आहेत, जाळली नाहीत," थोरली म्हणाली. "तुझ्या रानात ओळीनं आडवी टाकू. खुंट्या मारून. पाणी जरा अडखळेल तरी. नाहीतर वरची माती एक दिवस पाहुण्यासारखी विहिरीत येईल, आणि परत जायची नाही."

दोघींनी भारे वाहायला सुरुवात केली. घरातून नवऱ्यानं ओरडून विचारलं, "काय चाललंय?" थोरली म्हणाली, "तुमच्या भावाच्या रानाला पट्टा बांधतोय." "माझ्या कमरेला बांध आधी!" तो म्हणाला, आणि कण्हला.

तळाकडच्या दोन ओळी टाकून झाल्या तेव्हा धाकटा आला. बायको दुसऱ्याच्या रानातला कचरा आपल्या पेरलेल्या रानात पसरतेय, हे त्यानं पाहिलं. बोलेपर्यंत त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे कोणाचं डोकं?"

"माझं," थोरली म्हणाली.

"मग तुमच्या रानात चालवा! गव्हावर ही ताटं? उगवायचा कसा तो? कीड तुमची, उंदीर तुमचे, आणि पोसायचे मी?"

"भाऊजी, विहीर बघितलीत का?"

"विहीर दरवर्षी गढूळ होते."

"या दिवसांत होत नाही."

"तुम्हाला सगळं ठाऊक. त्या शेतकी खात्यातल्या माणसानं एकदा झाडाखाली भाषण दिलं, तर तेव्हापासून तुम्ही मातीची नाडी बघायला लागलात!" त्यानं एकेक खुंटी उपटली आणि ताटांचे भारेच्या भारे दगडांपलीकडे, थोरलीच्या रानात भिरकावले. तिथं तळाला त्यांचा लांबट ढीग पडला, हद्दीला लागून, आडवा. "घ्या तुमचं. माझ्या हद्दीत काडीसुद्धा नको."

धाकटी मान खाली घालून उभी होती. थोरलीला तिचीच जास्त दया आली. ताटं उचलून नीट रचावीत असं तिच्या मनात आलं, पण हाताला राग चढला होता. ढीग तसाच राहिला.

*

दुपारी भांडी घासताना उजेड गेला. दिवा मालवावा तसा. थोरलीनं दारात येऊन बघितलं, तर टेकडीचं कपाळ दिसेनासं झालं होतं.

पाऊस थेंबाथेंबानं आलाच नाही. वरून कोणी हौद उलटा केला असावा तसा तो एकदम पडला. धसकटांवर पडायचा तेव्हा सळसळ व्हायची, कोवळ्या ओटावर पडायचा तेव्हा काहीच आवाज होत नव्हता, आणि धाकट्याच्या उघड्या रानावर पडायचा तेव्हा चापट्या मारल्यासारखं वाजत होतं. थोड्या वेळानं त्या चापट्याही थांबल्या. त्या जागी दुसराच आवाज सुरू झाला. जात्यात खडे पडावेत तसा, खोलवरून, घरंगळत.

"हा कसला आवाज?" पलंगावरून नवरा म्हणाला. पाठ विसरून तो कोपरावर उठला होता.

"दगड आहेत," थोरली म्हणाली. "चाकोरीतून येतायत."

शेजारच्या दारात धाकटा उभा होता. मधल्या पावसातून दोघांना एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, नुसती उभी माणसं दिसत होती. त्याच्या रानातून खाली जे येत होतं ते पाणी नव्हतं. ते जाड होतं, सावकाश वळत होतं, आणि त्याच्या पाठीवर गव्हाचे दाणे तरंगत होते. चाकांच्या दोन खुणांनी त्याला वाट आखून दिली होती. वकिलानं तळाशी जिथं ट्रॅक्टर वळवला होता, तिथं खुणा हद्दीकडे वाकल्या होत्या, आणि तो लोंढाही आज्ञाधारकपणे तिकडेच वाकला.

"विहीर!" धाकटी ओरडली. कोणी हललं नाही. हलून करणार काय?

*

पाऊस ओसरला तेव्हा सगळी बाहेर आली. नवरा भिंतीला धरून आला.

थोरलीचं रान ओरबाडलं होतं, हद्दीच्या कडेला एक घळ पडली होती, पण बाकीचं जागेवर होतं, धसकटं मातीला दात रोवून धरावं तशी. धाकट्याच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला माती नव्हती. कातळ उघडा पडला होता, धुतलेला, पांढुरका. सोललेल्या गुडघ्यासारखा. धाकटा त्याच्याकडे बघायचा आणि मान फिरवायचा.

आणि खाली, थोरलीच्या हद्दीत, त्यानंच भिरकावलेल्या ताटांच्या ढिगाला टेकून कमरेएवढा काळ्या मातीचा ढिगारा बसला होता. राख, गहू, माती, सगळं एकत्र. त्याच्यावरून ओसंडलेलं विहिरीत गेलं होतं. उरलेलं अडलं होतं.

धाकटा घरात गेला आणि टोपली, फावडं घेऊन आला. ढिगाऱ्यापाशी उभा राहून, कोणाकडेच न बघता म्हणाला, "ही माती माझी आहे."

"हाक मारून बघ," भाऊ भिंतीला टेकून म्हणाला. "तुला ओळखलं तर येईल मागून."

"दादा, चेष्टा नको! पोटाला चिमटा काढून राखलेली माती आहे. हद्द ओलांडली म्हणून तुमची होत नाही."

"न्या," थोरली म्हणाली.

त्यानं टोपली भरली, डोक्यावर घेतली आणि उतार चढायला लागला. पाय घसरत होते. वर कातळावर जाऊन त्यानं टोपली रिकामी केली. ओली माती कातळावर क्षणभर बसली. मग तिच्याखालून पाण्याचा एक धागा निघाला, आणि तिची कड हळूच खाली सरकायला लागली. धाकटा वाकून बघत राहिला. बराच वेळ. रिकामी टोपली हातात लोंबत होती.

तो खाली आला तेव्हा आवाज बदलला होता. "वहिनी, मग टाकू कुठं?"

ती या घरात आल्यापासून त्यानं तिला कधी सल्ला विचारला नव्हता. चार खोचक उत्तरं थोरलीच्या जिभेवर आली होती, ती तिनं गिळली. कुदळ घेतली आणि आपल्या रानाच्या मध्यावरून, उताराला आडवी, ती रेघ ओढत निघाली. हद्दीपाशी आली. तिथं दगड होते. ती थांबली.

"यावर टाकायची. पण आधी खाली काहीतरी जड बसवायला हवं."

कुठंही दुसरे दगड नव्हते. होते ते वाहून विहिरीत गेले होते. धाकट्यानं हद्दीकडे बघितलं. मग भावाकडे. भाऊ भिंत सोडून एक पाऊल पुढं आला.

"मग हद्द कळायची कशी?" धाकट्यानं विचारलं.

"भाऊजी, माती राहू द्या. म्हणजे भांडायला जागा तरी राहील."

पहिला दगड धाकटीनं उपटला. त्याच्याखाली एक कोरडी, पिवळी खाच होती. मग धाकट्यानं दुसरा काढला. टेकडीच्या कपाळापासून ते खाली येत गेले, भांग पुसत, आणि उभे दगड आडवे होत गेले, थोरलीच्या रानातून सुरू होऊन धाकट्याच्या रानात. मागून धाकटी ताटं दाबत होती, तिच्यामागून माती पडत होती.

धाकट्याच्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत ओळ गेली, आणि दगड संपले.

पुढं अर्धा पट्टा मोकळा होता. चाकोरी नेमकी त्यातच होती. सगळी तिथं चिखलात उभी राहिली, हात लोंबकळत. थोरलीनं ताटांचा शेवटचा भारा आणून त्या खिंडीत आडवा टाकला आणि त्यावर दोन्ही पाय देऊन दाबला. भारा तिच्या वजनाखाली दबला, आणि ती उतरताच पुन्हा वर आला.

"धरेल?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं वर बघितलं. टेकडीमागे पुन्हा कडा नसलेलं काहीतरी साचत होतं, आणि वारा पडला होता. धाकटा त्या भाऱ्यावर जाऊन बसला, आणि त्यानं वहिनीसाठी शेजारी थोडी जागा केली.