गाडी नंबर दोन

हॅलो, हॅलो... दचकू नका मित्रांनो. माझ्यामागे कोणी माणूस उभा नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचवलं, आज माझं मीच बोलतो आहे. मी एक जुना माईक आहे. डोक्यावरच्या जाळीला तीन पोचे आहेत आणि मानेला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पण आवाज अजून खणखणीत आहे, हे मी स्वतःच सांगितलेलं बरं.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला असं खोक्यावर लिहिलं होतं म्हणे. मला वाचता येत नाही, कारण मला डोळे नाहीत. माझ्या पोटात एक छोटं चुंबक, तारेचं वेटोळं आणि एक पातळ पडदा आहे. कोणी बोललं की तो पडदा थरथरतो. मला माणूस कळतो तो एवढ्यावरूनच. कोणाचा श्वास आखूड आहे, कोण घाबरलंय, कोणी तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा ठेवून भाषण ठोकलंय, हे मी पहिल्या शब्दाला ओळखतो. खर्रावाल्यांचा मला फार राग आहे, पण ते असो.

यवतमाळच्या एका दुकानातून मला मारेगावच्या मारोतीकाकांनी विकत घेतलं. एसटीत जागा नव्हती, तर काकांनी मला सबंध रस्ताभर छातीशी धरून उभ्याने आणलं. त्यांचा 'मारोती साऊंड सर्व्हिस' हा छोटासा धंदा होता. दोन भोंगे, एक मशीन आणि आता मी. काका मनाने लोण्यासारखे, पण जीभ अशी की सुटली की सुटली.

ती वर्षं कापसाला वाईट होती. झाडावर लाल्या रोग यायचा, भाव बसलेला असायचा आणि कापूस संकलन केंद्रासमोर बैलबंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही. त्या रांगेला पुकारा करायचं काम काकांकडे होतं. मालाची प्रत ठरवणारा ग्रेडर बंडीतला कापूस हातात घ्यायचा, धागा ओढून बघायचा आणि पुटपुटायचा. काका ते माझ्यातून मोठ्याने सांगायचे, "गाडी नंबर बेचाळीस! माल पांढरा, धागा लांब, ओल नाही! पुढं घ्या!" पिवळट, किडका कापूस निघाला तर म्हणायचे, "कवडी आहे, बाजूला लावा!" दिवसभर माल, माल आणि माल. माझ्या पडद्याला तो शब्द पाठ झाला होता.

संध्याकाळी मात्र आमची चैन असायची. मी ऑर्केस्ट्रात जायचो, आणि तिथलं निवेदन काकाच करायचे!

ऑर्केस्ट्रात दोन गायक होते. एक मारेगावचा विक्की आणि दुसरी मुकुटबनची नलू, एकोणीस वर्षांची. दोघांच्या गाण्यांची एक सीडी निघाली होती आणि ती यवतमाळच्या ऑटोंमध्ये दिवसभर वाजायची. आपल्या जिल्ह्यापुरते ते दोघं मोठे स्टारच म्हणा ना. विक्कीचा आवाज भरदार होता. नलूचा आवाज कसा होता हे मला नीट सांगता येत नाही. ती वरच्या सुराला जाऊन थांबली की मी श्वास घ्यायचं विसरायचो. मला श्वास नसतो, हे मला ठाऊक आहे. तरीही विसरायचो.

आता मजा ऐका. नलू ऑर्केस्ट्रात आली त्या पहिल्याच कार्यक्रमात काका थेट केंद्रावरून आले होते, दमलेले. विक्कीची ओळख त्यांनी झोकात करून दिली, "आठ वर्षांची मेहनत, आवाजाचा बादशहा!" मग नलूची पाळी आली. काकांची जीभ दिवसभराच्या सवयीने घसरली आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "गाडी नंबर एक!"

गर्दीतून कोणीतरी लगेच ओरडलं, "माल कसा?"

"पांढरा! धागा लांब! ओल नाही, कचरा नाही. एक नंबर माल!"

असा हशा उठला की भोंगे शिट्टी मारायला लागले. काका खूश झाले. दुसऱ्या कार्यक्रमात त्यांनी तेच मुद्दाम म्हटलं. तिसऱ्यात लोकच वाट बघू लागले. काकांनी "गाडी नंबर एक" म्हणायचं, साऱ्या मैदानाने "माल कसा?" विचारायचं, आणि मग ढोलकीच्या थापेवर नलूने यायचं, असा शिरस्ताच पडून गेला. सुरुवातीला मीही हसलो, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

पण मी माईक आहे. हशा थांबल्यावर नलूचा पहिला श्वास माझ्यावर पडायचा आणि तो दर वेळी अडखळलेला असायचा. गाण्याची पहिली ओळ ती नेहमी खालच्या सुरात घ्यायची. दुसऱ्या ओळीला सावरायची. हे माझ्याशिवाय कोणाला कळत नव्हतं.

मग मी कान देऊन ऐकू लागलो. काका माझ्यातून चिठ्ठ्या वाचून दाखवायचे. विक्कीच्या नावाने ज्या यायच्या त्यात गाण्यांची नावं असायची. नलूच्या चिठ्ठ्यांत असायचं, 'मॅडम, उद्या निळी साडी घाला.' विक्की शर्टाच्या दोन गुंड्या उघड्या ठेवून गायचा तेव्हा कॉलेजच्या पोरी शिट्ट्या मारायच्या. काका माझ्यातून त्यांना दटावायचे, "पोरीहो, जरा लाज बाळगा वं!" पोरांनी नलूला शिट्ट्या मारल्या की तेच काका म्हणायचे, "जोरात येऊ द्या आवाज!" एकदा ताप अंगात असताना नलू गायली. तिचा सूर तीनदा हलला. लोक म्हणाले, "आज कशी चमकून राह्यली!"

यवतमाळला केबलवाल्याने दोघांची मुलाखत घेतली तेव्हाही मीच हातात होतो. विक्कीला विचारलं, "रियाज किती तास करता?" विक्कीने दहा मिनिटं उत्तर दिलं. मग नलूला विचारलं, "तुम्ही इतक्या नाजूक कशा राहता? खाता तरी काय?"

"भाकर आन् ठेचा," नलू म्हणाली. "तुमी बी खाऊन पाहा."

मला इतकं हसू आलं की पडदा खरखरला, आणि माईक खराब आहे म्हणून मला दोन चापट्या बसल्या.

मे महिन्यात मुकुटबनला कार्यक्रम ठरला, नलूच्या स्वतःच्या गावी. त्या दिवशी संध्याकाळी खुर्च्या मांडणं चालू असताना नलू काकांकडे आली. माझं बटण बंद होतं. बटण बंद केलं म्हणजे माईक झोपतो, असं लोकांना वाटतं. माझा आवाज बाहेर जात नाही एवढंच, ऐकू मला सगळं येतं.

"काका, आज नुसतं माह्यं नाव सांगजा आन् गाणं सांगजा."

"काहून वं? काय झालं?"

"बाबा येऊन राह्यले आज पहिल्यांदा. त्याहिले कोणी तरी सांगतलं ते माल-बिल. म्हणाले, तिथं तसं बोलले तर मी उठीन आन् तू बी माह्यासंग घरी चालशीन. मंग गाणं बंद."

काका म्हणाले, "अवं पोरी, लोक हासतात म्हणून म्हणतो. कौतुकच तं आहे ते."

"मंग विक्कीचं कौतुक तसं काहून नाई करत?"

"तो तं पोरगा आहे!" काका म्हणाले. आणि माझी तार उगाचच गुंडाळत राहिले. शेवटी "बरं, नाई म्हणत," असं त्यांनी कबूल केलं.

नलूचे बाबा भीमराज पहिल्या रांगेत बसले होते. त्यांची लोखंडी खुर्ची कुरकुरत होती, म्हणून मला ती जागा पक्की कळली होती. विक्कीची दोन गाणी झाली. काकांनी मला हातात घेतलं. त्यांच्या तळव्याला घाम होता.

"आता ऐका, आपल्या मुकुटबनची..."

"गाडी नंबर, काका! गाडी नंबर!" मागून ओरडा सुरू झाला. टाळ्या, शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. काकांनी दोनदा घसा खाकरला. त्यांना मनातून म्हणायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. पण वर्षभराची सवय, आणि समोर एवढा मोठा हशा तयार उभा!

"गाडी नंबर एक!" निघालंच तोंडून.

"माल कसा?" सारं मैदान गरजलं.

त्याच वेळी पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली. भीमराज उठले होते. ही पोरगी आता चालली, आणि तो वरचा सूर पुन्हा कधी माझ्यापाशी येणार नाही, एवढंच मला सुचत होतं.

तेवढ्यात एका हाताने मला काकांच्या मुठीतून काढून घेतलं. तो हात थंडगार होता, पण पकड घट्ट होती.

"थांबा बाबा, दोन मिनिटं," नलू माझ्यातून म्हणाली. "आधी दुसरी गाडी पाहून घेऊ. ये बरं विक्की पुढं. हं! गाडी नंबर दोन!"

बायकांच्या बाजूने एका म्हातारीचा ठसकेबाज आवाज आला, "माल कसा वं?" आणि त्यामागून साऱ्या बायका, "माल कसा?"

नलूने हुबेहूब केंद्रावरचा सूर लावला. "रंग गव्हाळ! पावडर झटकली तं जरासा काळपट! उंची बरी आहे, पोटाजवळ भरती जास्त झाली! दोन गुंड्या उघड्या ठेवल्या म्हणून वरून माल चांगला दिसते, खालून कवडी निघू शकते! ओल? ओल लय आहे बाप्पा, पाहा किती घाम सुटला त्याले!"

बायका पोट धरधरून हसत होत्या. नंतर पुरुषही हसले. विक्की आधी हसला, मग नुसताच हं हं करू लागला, आणि शेवटी त्याने माझ्याजवळ तोंड आणलं. त्याचा भरदार आवाज चिरकला होता.

"अवं नलू, माह्या गाण्याचं सांग ना काही! नऊ वर्षं झाली मी मेहनत करून राह्यलो!"

ते साऱ्या मुकुटबनने ऐकलं. भोंगे दोन्ही चालू होते.

"हेच मी वर्षभरापासून सोसून राह्यली," नलू म्हणाली. "तुले दोन मिनिटं नाई सहन झालं."

हसणं हळूहळू ओसरलं. कोणी शिट्टी मारली नाही. विक्की हळूच म्हणाला, "खरं आहे तुह्यं." काकांनी मला परत घेतलं आणि माझं बटण बंद केलं. पुढचं बोलणं फक्त मी ऐकलं.

"पोरी, तू गाणं कोणापाशी शिकली वं?"

"बाबापाशी. सात वर्षांची होती तवापासून. विहारात बाबा खंजिरी वाजवे आन् मी गाये."

"मले माहीतच नोतं."

"तुमी इचारलं कुठी काका?"

काकांनी नाक ओढलं. मग बटण चालू केलं. एवढी वर्षं पुकारा करणाऱ्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच मला कापरा लागला. "मंडळी, आतापर्यंत माह्यं चुकलं. आता गाणं म्हणते गायिका नलू. बारा वर्षांची मेहनत. गुरू तिचे बाबा, भीमराज, ते इथं उभे आहेत."

सगळं मैदान त्यांच्याकडे वळलं असणार, कारण टाळ्या पहिल्या रांगेच्या दिशेने वाजल्या. नलूने श्वास घेतला. तो अडखळला नाही. पहिलीच ओळ तिने वरच्या सुरात घेतली, आणि ती संपता संपता लोखंडी खुर्ची कुरकुरली. भीमराज खाली बसले होते.

मित्रांनो, त्यानंतर सारं जग सुधारलं असं मी सांगणार नाही. 'आता मजा नाई राह्यली' म्हणून कुरकुरणारे पुष्कळ निघाले, आणि दोन ठिकाणचे कार्यक्रम गेलेही. पण काकांनी शब्द पाळला. माल म्हणजे बंडीतला कापूस, एवढाच अर्थ त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. विक्कीने मात्र गुंड्या लावल्या नाहीत. उकडतं म्हणे त्याला!

आता मी म्हातारा झालो आहे. काकांनी धंदा बंद केला तेव्हा मला नलूकडे देऊन टाकलं. ती मुकुटबनला मुलामुलींना गाणं शिकवते आणि मी त्यांच्या चिमुकल्या हातांत असतो. तुमच्याकडे माझ्या दोन मागण्या आहेत. माझ्या डोक्यावर टकटक करू नका आणि फुंकर मारू नका, मी जागाच असतो. आणि कधी मला हातात घेऊन कोणा गायिकेची, गायकाची, खेळाडूची ओळख करून द्यायची वेळ आली, तर त्याआधी बटण बंद करा आणि त्या माणसाला हळूच विचारा, "तुम्ही हे कोणापाशी शिकलात?" जे उत्तर मिळेल, ते बटण चालू करून सगळ्यांना सांगा.