टप कापलेली गाडी

खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, हा गजामिस्तरींचा नियम चौक गावात सगळ्यांना ठाऊक होता. सकाळी पान्यांपासून कंप्रेसरपर्यंत सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत साधा स्क्रू ड्रायव्हरसुद्धा उचलायचा नाही. जुन्या हायवेवर कुणाची गाडी अगदी दारात येऊन बंद पडली, तरी मिस्तरी त्याला चहा पाजत आणि पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवत. एका नवमीला त्यांच्या धाकट्या भावाने, कमळ्याने, गिऱ्हाइकाची दया येऊन पूजेतला जॅक उचलला होता. जॅक सटकला आणि कमळ्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून या नियमावर घरात कुणी वाद घालत नसे. मिस्तरींची मुलगी समिधा एरवी प्रत्येक गोष्टीवर वाद घाली, पण तीही यावर नाही.

आणि नेमका नवमीलाच देवेश येणार होता.

देवेशचं पुण्यात वर्कशॉप होतं. मोटार कंपन्यांना आणि सिनेमावाल्यांना गाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती लागतात, त्या तिथे बनत. समिधाने पाठवलेले फोटो त्याला आवडले होते, पण फोटोवर भुलून नोकरी देणारा तो माणूस नव्हता. त्याने अट घातली. छोट्या गाड्या जोडायच्या जुन्या, मोडक्या प्लास्टिक किटांचे तुकडे जमवून एक स्ट्रीट रॉड बनव, नवा विकत घेतलेला भाग एकही नको. स्ट्रीट रॉड म्हणजे आजोबांच्या काळातली गाडी आणि तिच्या पोटात नातवाच्या काळातलं इंजिन. पुढून बसकी, मागून रुंद चाकांची, रस्त्याला चिकटून धावणारी. मुंबईहून पुण्याला जाताना नवमीच्या दुपारी चौकला थांबतो, असं तो फोनवर म्हणाला होता. जागा एकच होती. दुसरा एक मुलगा रांगेत उभा होता.

तुकड्यांची तिला ददात नव्हती. कर्जतकडच्या कुठल्याशा फार्महाऊसची आवराआवर झाली, तेव्हा तिथलं अर्धवट जोडलेल्या किटांचं एक खोकं भंगारात आलं होतं. त्यातून तिने एकीची बॉडी घेतली, दुसरीचं इंजिन, एका पिकअपची मागची चाकं. तळहातावर मावेल एवढी ती गाडी पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली होती. कंप्रेसरला रंग फवारायची छोटी गन लावून तिने तिच्यावर रंगाचे इतके पातळ हात दिले होते, की आई म्हणाली, एवढं तर मी तुला न्हाणीत घासलं नाय.

बाबांना मात्र हे सगळं डोळ्यांत खुपत होतं. गॅरेजचं निम्मं पेंटिंग समिधाच करायची, आणि पगारी पेंटरपेक्षा सफाईने करायची. "खेळण्यातल्या गाड्या रंगवायला पुण्याला जायाचं?" ते म्हणत. "हितं खऱ्या गाड्या लाईन लावून उभ्या हायत." यापलीकडे ते काही बोलत नसत, पण ज्या दिवशी देवेशचा फोन आला त्या दिवशी ते जेवले नव्हते, हे तिने बघितलं होतं.

नवमी उजाडली तेव्हा गाडीला लॅकरचा, वरच्या चकाकीचा, शेवटचा हात द्यायचा राहिला होता. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दमट हवा होती. अशा हवेत लॅकर मारला की तो पांढरा पडतो, म्हणून ती थांबली होती. "तुझं आटप पयलं, मग मांडतो पूजा," बाबा म्हणाले. तिला बरं वाटलं. तेवढं तरी म्हणाले.

गन भरून तयार होती. लॅकरआधी धूळ पुसायची राहिली होती. मॉडेल पुसायला ती साबणाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं वापरायची, पण ते फडकं आईने सणाच्या साफसफाईत कुठेतरी टाकलं होतं. देवेशची वेळ मनात टिकटिकत होती. दारात बाबा माळा घेऊन उभे होते. ते ताटकळत असतील, असं तिला वाटलं. तिचा हात शेजारच्या फळीवर गेला, तिथल्या चिंधीवर थिनर ओतला गेला आणि तिने गाडीचा टप पुसला. शाळेत असल्यापासून ती हेच करत आली होती. पत्र्याची गाडी असो की टेंपो, शेवटच्या हाताआधी थिनरने पुसायचं आणि सुरुवात टपापासून करायची. हाताला डोकं नसतं.

जांभळा रंग चिंधीवर आला. खालचं प्लास्टिक पांढुरकं झालं, मग दुधावरच्या सायीसारखं गोळा झालं, आणि मधोमध टप हळूच खाली बसला.

तिने चिंधी फेकली, फुंकर घातली. फुंकर घालून काय होणार होतं?

"झालं?" दारातून बाबांनी विचारलं.

"बाबा, टप गेला." तिने गाडी पुढे केली. "थिनर लागला. मला कानस पायजे, पुट्टी पायजे. दुपारपर्यंत गन पायजे. पूजा थोडी उशिरा मांडा."

बाबा आत आले. त्यांनी गाडीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिच्या हातातून गन काढून घेतली.

"येळ झाली गं," ते म्हणाले. "कमळ्याचा हात इसरलीस काय?"

एकेक करून त्यांनी सगळं पाटावर नेलं. कानशी, करवत, पुट्टीचं पातं, कात्री, गन. कंप्रेसरला माळ घातली. नारळ फुटला. समिधा प्रसादाचं खोबरं हातात धरून उभी राहिली. पाटावरच्या एकेका हत्याराला कुंकवाचं बोट लागत होतं आणि तिला वाटत होतं, आपल्यापुढची एकेक वाट बंद होतेय. बाबांचा तिला विलक्षण राग आला, आणि कमळ्याकाकाची बोटं आठवून त्या रागाची लाजही वाटली.

आई म्हणाली, "रड थोडी, मन मोकळं व्हतं."

पण समिधा रडली नाही. ती गाडीसमोर उकिडवी बसली आणि टपाकडे बघत राहिली. टप दुरुस्त होणार नाही, हे उघड होतं. मग तो असायलाच हवा, असं कुणी सांगितलंय? खिडक्यांखाली सगळं शाबूत होतं. टप उडवला तर उघडी गाडी होते. त्या खोक्यात एका दुसऱ्याच गाडीची बुटकी काच पडली होती, ती पुढे लावता येईल. फक्त कापायचं कशाने?

ती उठली आणि दारामागे टांगलेला कमळ्याकाकाचा मासे धरायचा गळ घेऊन आली. गळाला वावभर तंगूस होता, नायलॉनचा बारीक, चिवट दोरा.

"बाबा," तिने विचारलं, "तंगूस हत्यारात मोडतो?"

मिस्तरी खुर्चीत बसले होते. त्यांनी गळाकडे बघितलं, मग पाटाकडे.

"पूजेत मांडलाय का?"

"नाय."

"मंग नाय मोडत."

तिने दातांनी हातभर तंगूस तोडला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळली आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून ओवून पुढेमागे ओढायला सुरुवात केली. प्लास्टिकची बारीक भुकटी पडू लागली. पण गाडी हलत होती. दोन हात ओढायला लागत होते आणि धरायला तिसरा हात नव्हता. जोरात ओढलं तर प्लास्टिक तापून तंगूस आत रुततो, हळू ओढलं तर देवेश येतो. टप पेलणारा पुढचा एक खांब सुटला. दुसऱ्याला गाडी हातातून निसटली आणि टेबलाच्या कडेवर जाऊन थांबली. आईच्या तोंडून "अगं बाय" एवढंच निघालं.

तेव्हा बाबा खुर्चीतून उठले. समोर बसून त्यांनी गाडी दोन्ही हातांत धरली. ट्रकची चाकं काढणारे ते जाड, भेगाळलेले हात. एक अंगठा जास्त दाबला असता तर अख्खी बॉडी चिरली असती.

"धरू?" त्यांनी विचारलं.

"धरा. दाबू नका."

ती ओढत राहिली. पुढचा दुसरा खांब सुटला. मागे आडवं कापायचं होतं आणि तिथे प्लास्टिक जाड होतं. मध्येच कट असा आवाज आला. दोघंही थिजले. समिधाने डोळे मिटले.

"तंगूस तुटलाय," बाबा म्हणाले. "गाडी हाय. दुसरा घे."

तिने दुसरा तुकडा तोडला. बोटांत चर पडून रक्त आलं होतं, ते बाबांनी खांद्यावरच्या टॉवेलला पुसलं आणि गाडी पुन्हा धरली. शेवटी टप त्यांच्या हातावर अलगद सुटून पडला. कडा घासायला आईने पर्समधली नखं घासायची पट्टी दिली. बाबांनी त्या पट्टीकडे संशयाने बघितलं. "बघताय काय?" आई म्हणाली. "माझी नखं म्हंजे काय लोखंड हाय?" मग काच चिकटवली. लॅकर तर आता मारता येणार नव्हता, म्हणून दात घासायची पेस्ट बोटावर घेऊन समिधाने रंग घोटला. घोटत असतानाच बाहेर गाडी थांबली.

देवेश चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने चहा नाकारला. गाडी खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि चाकापासून बघायला लागला. इंजिनाची नळी न् नळी बघितली. मग त्याचं बोट कापलेल्या कडेवर येऊन थांबलं.

"फोटोत हिला टप होता."

आता सांगायचं की नाही? पहिल्यापासून उघडीच करायची होती, असं म्हणता आलं असतं. त्याला कळलं नसतं. बाबा खुर्चीत बसून ऐकत होते.

"होता," समिधा म्हणाली. "आज सकाळी मी थिनरने पुसला. गॅरेजची सवय. टप वितळला, म्हणून कापला."

देवेशने गाडी टेबलावर ठेवली. "प्लास्टिकवर थिनर?" तो म्हणाला. "आमच्याकडे एकेका बॉडीवर महिनाभर लोकांचे हात चालतात. तिथे असं झालं तर?"

संपलं, एवढंच समिधाला कळलं.

"कापलंस कशाने?"

"तंगुसाने. आज आमच्याकडे हत्याराला हात लावत नाहीत."

देवेशने वळून माळा घातलेल्या कंप्रेसरकडे बघितलं. मग गाडी परत उचलली, कापलेली कड डोळ्यांजवळ नेली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

"टपासकट ही चांगली गाडी होती," तो म्हणाला. "आता ही तुझी गाडी झाली. सोमवारी ये. आणि थिनर तुझ्या टेबलावर दिसता कामा नये."

तो गेला, तरी समिधा बराच वेळ दारात उभी होती. आई देवापुढे साखर ठेवायला घरात धावली. समिधाला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि समोर बाबा उभे होते. कसेही असोत, त्या हातांनी गाडी धरली होती. ती पुढे झाली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली.

बाबांनी पाय मागे घेतले.

"नको," ते म्हणाले. "माझ्या पाया नको पडू."

"का?"

"मी दारातच हुतो. तू थिनर वततानी बघितलं मी."

ती वाकलेली तशीच राहिली.

"बंपर रंगवण्यात हयात गेली माझी. थिनर प्लास्टिक खातो, मला ठाव नव्हतं काय? हाक तोंडाशी आलती. गिळली. म्हटलं, बिघडू दे. बिघडली तर पोर ऱ्हाईल घरात."

हायवेवरून एक ट्रक गेला. वाकल्या वाकल्याच तिने मान वर केली.

"मग मागाहून धरलीत कशाला?" तिने विचारलं.

"तू रडली नाईस. रडली असतीस तर गप बसलो असतो." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "आन् आता त्या मानसाला तू तुझी चूक सांगितलीस. जीव टांगणीला असताना सांगितलीस. मग मी कसा लपवू?"

समिधा सरळ झाली. सकाळचा राग पुन्हा उसळला, आणि या वेळी त्याची तिला लाज वाटली नाही. बाबा मान खाली घालून उभे होते. हा माणूस तिला एकाएकी म्हातारा दिसला, त्याने राग कमी झाला नाही, उलट जास्तच दुखला. तिने टेबलावरची गाडी उचलून छातीशी धरली.

"आज नाय पडत मी पाया," ती म्हणाली. "आज माझ्याच्यानं व्हनार नाय."

"नको पडू."

"सोमवारी पडेन. निघताना. तुमी दारात उभे ऱ्हावा, म्हंजे झालं."

"ऱ्हाईन," बाबा म्हणाले.