आबांचा पिक्चर

शिराळ्यात घरटी नागाची एक तरी गोष्ट असते, पण अर्जुनाआबांच्या घरात प्रत्येक गोष्ट फिरून पिक्चरवर यायची. एकाच पिक्चरवर. पन्नासेक वर्षं त्याचंच कौतुक ऐकून ऐकून गल्लीनं त्याचं नावच ‘आबांचा पिक्चर’ ठेवलं होतं, जणू आबांनी पदरमोड करून तो काढला होता.

तरुणपणी आबा सांगलीच्या हळदबाजारात पोती शिवायला होते. दिवसभर हातात दाभण आणि अंगभर हळद. तसल्याच पिवळ्या अंगानं ते एकदा टॉकीजमध्ये शिरले आणि निराळेच होऊन बाहेर आले. गावानं वाळीत टाकलेली नायिका वारुळापुढं हात पसरते, आणि एक भलामोठा नाग येऊन तिच्या तळहातावर मान टेकवतो. चावत नाही. ज्याचं मन साफ त्याला नाग चावत नाही, असं ती डोळ्यांत पाणी आणून सांगते आणि अख्खं थेटर हात जोडतं. आबांनी तो पिक्चर नऊ वेळा पाहिला. मग सांगली सोडून ते गावी आले आणि थोरल्या भावाबरोबर, भाऊसोबरोबर, पंचमीसाठी नाग धरायला लागले. तेव्हा जिवंत नाग पुजायचे. धरलेला नाग मडक्यात ठेवायचा, लेकरासारखा जपायचा आणि पंचमी झाली की जिथला तिथं सोडायचा. एकदा एका गारुड्याच्या टोपलीत तोंड शिवलेला नाग दिसला, तर आबांनी त्याला भर बाजारातनं पिटाळून लावलं होतं.

एका वर्षी पंचमीच्या तोंडावर भाऊसोलाच नाग चावला. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. सावडायच्या दिवशी जमलेल्या माणसांपुढं आबा बोलून बसले, “नाग उगाच चावत न्हाई. दादाच्या मनात कायतरी पाप असणार.”

आबा बोलून मोकळे झाले, पण गावाला चाळीस वर्षं चघळायला मिळालं. कुणी म्हणालं, सांगलीत बाई ठेवली होती. कुणी म्हणालं, शेजाऱ्याचा बांध कोरला होता. भाऊसोची बायको धोंडुबाई हे सगळं ऐकत त्याच घरात, मागच्या खोलीत राहिली. आबांचा पिक्चर लागला की ती सूप उचलून मागं निघून जायची. आबांना वाटायचं, वहिनीला नागाची भीती बसलीय.

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी आबांच्या मुलानं, धैर्यशीलनं, नवा टीव्ही भिंतीवर चढवला. टीव्ही कसला, निम्मी भिंतच. “आबा, तुमचा पिक्चर आता धुऊन पुसून नव्यासारखा केलाय. केसन् केस दिसतोय बघा,” तो म्हणाला. भावाचा उपवास धरलेल्या गल्लीतल्या बायका जमल्या. सुनेनं, पूजानं, साबुदाण्याच्या खिचडीच्या ताटल्या फिरवल्या. आबा पुढच्या खुर्चीत, स्वच्छ टोपी घालून बसले.

वारूळ आलं. नायिकेनं हात पसरला. नाग आला, आणि त्याचं डोकं पाटाएवढं होऊन समोर उभं राहिलं.

“थांबीव रं,” आबा एकदम म्हणाले. “हितंच थांबीव.”

चित्र थांबलं. आबा उठून टीव्हीच्या पुढ्यात गेले. जबड्याच्या कडेला तीन टाके होते. आयुष्याची सुरुवात पोत्यांची तोंडं शिवण्यात गेलेल्या माणसाला टाका कळायला चष्मा लागत नाही. दोन टाके घट्ट होते आणि तिसरा कातडी फाडून सुटत आला होता. तिथं काळं रक्त वाळलेलं होतं. नागानं मान टेकवली नव्हती, त्याची मान पडली होती. अर्धमेल्या जिवाला उचलून कुणीतरी त्या बाईच्या हातावर ठेवला होता, आणि आपण नऊ वेळा हात जोडले होते.

आबांनी त्या टाक्यांवर बोट ठेवलं.

“त्वांड शिवलंय ह्येचं,” ते म्हणाले.

धैर्यशील हसला. “आवं आबा, त्याबिगर हिरॉईन हात लावंल व्हय? सगळ्यांस्नी ठावं असतंय की ते.”

“लावा की फुडं,” तोंडात खिचडीचा घास असतानाच एक बाई म्हणाली. तिच्या एका हातात ताटली होती आणि दुसरा पडद्याकडं नमस्कारासाठी उभा धरलेला होता. त्या साबुदाण्याची, त्या एकहाती नमस्काराची, सगळ्याचीच आबांना शिसारी आली. ते मागच्या खोलीत गेले. धोंडुबाई तांदूळ निवडत होती.

“वैनी, त्या नागाचं त्वांड शिवल्यालं हुतं.”

“कुठल्या?”

“पिक्चरातल्या. मन साफ न् बिफ, सगळं झूट. मग दादाच्या मनात...”

धोंडुबाईनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. “ह्यांच्या मनात काय हुतं ते मला ठावं हाय, भावजी. तुमचा त्यो पिक्चर सांगलीत परत लागला हुता. वैनीला एकदा दाव म्हणून तुमीच ह्यांच्या मागं लागला हुता. साडी नेसून तयार ऱ्हा म्हणाले, सांजच्या खेळाला जाऊ. एस्टी चुकंल म्हणून घाई केली. मडक्यावरचं फडकं नीट बांधलं न्हाई. मी साडी नेसूनच बसले हुते.”

“चाळीस वर्सं बोलला न्हाईसा?”

“तुमी कवा इचारलं?”

ती पुन्हा तांदळाकडं वळली. आबांना मोरीपर्यंतही जाता आलं नाही. दाराशीच उलटी झाली. ती सगळी घाण नुसती पोटातली नव्हती, हे त्यांना कळत होतं. धोंडुबाईनं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. आबांना त्या तांब्याला हात लावायचीही लाज वाटली.

तोंड न धुताच ते पुढच्या खोलीत आले. पिक्चर पुन्हा सुरू झाला होता आणि खोलीतल्या सगळ्या बायकांनी आता दोन्ही हात जोडले होते. आबा टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. एकदा चारचौघांत बोललेलं चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं.

“ऐका समदी,” ते म्हणाले. “माझ्या दादाच्या मनात काय बी पाप नव्हतं. त्यो घाईत हुता. माझ्यामुळं घाईत हुता. मी खोटं बोललो.”

मागच्या दारात धोंडुबाई सूप घेऊन उभी होती. मघाच्या खिचडीवाल्या बाईनं मान तिरकी करून पाहिलं.

“आवं आबा,” ती म्हणाली, “जरा बाजूला व्हा की. दिसंना झालंय.”

आबा हलले नाहीत.