वाळूत पुरलेला पाय

काशेनं उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत वाळूत पुरला, वरून तळहातानं थापटून जमीन सारखी केली, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढ्यातला बाण उचलून निखाऱ्यावर धरला. वरची वाळू तापायला लागली होती, पण वीतभर खाली रात्रीचा गारवा अजून शिल्लक होता. त्या गारव्यानं ठणका जरा दबला. बाणाच्या दांड्यावर लावलेलं अळ्यांचं विष हळूहळू काळं पडून सुकत होतं. त्यानं बाण फिरवला. हात स्थिर होते. हातांचं काही बिघडलं नव्हतं.

बिघडलं होतं ते काल संध्याकाळी. फासे बघून परतताना उड्या सशाच्या बिळात पाय गेला, आतल्या आत काहीतरी कट् झालं, आणि काशे तोंडावर आपटला. बऱ्याच वेळानं उठला. काठी शोधली, टेकत टेकत मोठ्या गोरखचिंचेपर्यंत आला. तिथून पुढे वस्तीतली माणसं दिसायला लागतात. तिथं त्यानं काठी फेकून दिली आणि उरलेलं अंतर असा ताठ चालत आला की झोपडीशी पोचेपर्यंत अंगावरच्या सदऱ्याला पीळ घातला तर पाणी निघालं असतं. कुणी काही विचारलं नाही. रात्री पाय सुजून भोपळा झाला, तेव्हा त्यानं तो घोंगडीखाली लपवला. सकाळी कुणाचं लक्ष नाही असं बघून शेकोटीशी येऊन बसला आणि पाय वाळूत घातला.

आणि आज शिकारीला निघायचं होतं. तळ्याच्या पलीकडे कुडू हरणांचा कळप उतरलाय, मोठ्या शिंगांचा एक नर आहे, अशी बातमी मेव्हण्यानं, दाबेनं, काल दुपारीच आणली होती. जायचं कुणी? सासरा बो, दाबे आणि काशे. विषाचा बाण लागला तरी कुडू काही तिथंच पडत नाही. दिवसभर, कधी दोन दिवस त्याच्या मागावर चालावं लागतं.

पाय दुखतोय. दोनच शब्द. दुसऱ्या कुठल्याही घरात काशेनं ते सहज म्हटले असते. या घरात ते आधीच कुणीतरी वापरून झिजवले होते.

काशेच्या आधी त्याच्या बायकोला, खोआनाला, एक नवरा होता. कुम्सा त्याचं नाव. दिसायला देखणा, गायला बसला की ऐकत राहावं. पण शिकारीचं नाव काढलं की त्याचं काहीतरी दुखायचं. कधी पोट, कधी गुडघा, एकदा तर म्हणे कान. लग्न झालं की जावयानं सासरी राहायचं, दोन-तीन मुलं होईस्तोवर सासू-सासऱ्यांच्या तोंडी मांस घालायचं, ही रीत. कुम्सानं दोन हिवाळे गाणी घातली. मग एका सकाळी बोनं त्याचं धनुष्य आणि घोंगडी उचलून झाडाखाली नेऊन ठेवली आणि शांतपणे सांगितलं, बाबा, तू आपला आईकडे जा, तुझ्या दुखण्यांचं औषध तिलाच ठाऊक असणार. तेव्हापासून वस्तीत कुणी कामाला टाळाटाळ केली की पोरंसोरंसुद्धा म्हणतात, आलं कुम्साचं पोट वर.

काशेला येऊन दीड वर्ष झालं होतं. खोआनाच्या पाठीवर आता त्याची लेक होती. गेल्या महिन्यात तो दोनदा शिकारीला गेला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं आला. सासरा एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

खोआना चहा घेऊन आली. पत्र्याचा मग तिनं मुद्दामच हातभर लांब ठेवला.

"घे," ती म्हणाली.

काशेनं मगाकडे पाहिलं, मग बाणाकडे. "ठेव तिथंच. घेतो."

"आत्ता घे. निवतोय."

तो हलला नाही. खोआना उकिडवी बसली. पाठीवरचं पोर झोपेत चोखल्यासारखं तोंड हलवत होतं. तिनं वाळूतून वर आलेल्या त्याच्या नडगीकडे पाहिलं.

"पाय दाखव."

"दोन आहेत. काल मोजलेस ना?"

"काशे, तू गेलास तर पाय जाईल." ती खालच्या आवाजात म्हणाली. "आणि राहिलास तर…"

पुढचं तिनं सांगितलं नाही. झाडाखाली ठेवलेलं एक धनुष्य तिनं एकदा बघितलं होतं. तिनं चहाचा मग उचलला, त्याच्या हातात दिला आणि निघून गेली.

काशेनं चहा प्यायला. साखर नेहमीपेक्षा जास्त होती. त्सुमक्वे गावातल्या दुकानातून आणलेली ती पुडी खोआना सणासुदीला जपून ठेवायची. म्हणजे आपली कीव आली तिला, त्याच्या मनात आलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात यायला हवी होती, ती आली नाही. ऊन चांगलं वर चढलं तरी कुणी निघायचं नाव काढत नव्हतं. एरवी बो असा की, सूर्य उगवायच्या आत पाठमोरा दिसायचा. आज तो धनुष्याची दोरी तिसऱ्यांदा सोडून तिसऱ्यांदा बांधत होता. दाबे पहाटेच एक फेरी मारून आला होता आणि आता चहावर चहा रिचवत तंबाखूची नळी ठोकत बसला होता. मध्येच तो काशेकडे बघायचा आणि चहात तोंड घालायचा.

पलीकडे, पाठ करून, सासू बसली होती. तिकाय तिचं नाव. दोन दगडांमध्ये मोंगोंगो झाडाच्या बिया फोडत होती. टक्. टक्. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नाही, जावयानं सासूच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही मान राखायची पद्धत. पण तीन झोपड्या आणि दोन शेकोट्या, एवढ्या जागेत दीड वर्ष न बोलता कसं भागणार? म्हणून कुत्रा होता. त्याचं नाव तंबाखू. जावयाला सरपण आणायला सांगायचं असलं की तिकाय तंबाखूला म्हणायची, काय रे, शेकोटी विझली तर तू निजणार कुठं? आणि काशे उठून सरपण आणायचा. तंबाखू बिचारा उगाच शिव्या खायचा, पण दोन्ही बाजूंची हाडंही त्यालाच मिळायची. तेव्हा तक्रार नव्हती.

शेवटी काशेनंच ठरवलं. सगळे बाण भात्यात घातले. भाता, धनुष्य, पाण्याची बाटली खांद्याला लावली. मग वाळूतून पाय काढला आणि कुणी बघायच्या आत जुना बूट वर चढवला. बूट दाबेचा होता, एक माप मोठा. आज तो जेमतेम बसला.

तो उठला. डोळ्यांपुढे क्षणभर पांढरं झालं. मग त्यानं पाऊल टाकलं, सरळ. दुसरं टाकलं. गोरखचिंचेपासून काल जसा आला होता तसाच ताठ. तिसरं. चौथ्याला ओठ दाताखाली गेला.

"चला," तो म्हणाला. "ऊन झालं."

कुणीच उठलं नाही. बिया फोडणारा दगड थांबला.

"काय रे तंबाखू," तिकाय पाठ न वळवता म्हणाली, "तीन पायांवर कुठं निघालास?"

सावलीत पसरलेल्या तंबाखूनं एक कान उचलला. त्याचे चारही पाय धडधाकट होते.

काशे जिथं होता तिथंच उभा राहिला. मानेवरून घामाचा एक ओघळ पाठीत उतरला. झालं, त्याच्या मनात आलं. आता ते कुम्साचं नाव निघणार.

पण दाबेनं ते नाव काढलं नाही. त्यानं नळी खाली ठेवली, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्याच्या नाकातून बाहेर आलं.

"दाजी, खरं सांगा, काल तुम्ही सशाला पकडलंत की सशानं तुम्हाला?"

काशेनं त्याच्याकडे पाहिलं.

"पहाटे त्या बाजूनंच गेलो होतो. सगळं लिहून ठेवलंय की तुम्ही. इथं पडलात, इथं बसलात, तीनदा उठायला बघितलंत, तिसऱ्यांदा जमलं. मग काठी. मग चिंचेपाशी काठी टाकलीत आणि राजासारखे चालत आलात. शिव्या किती घातल्यात तेवढं काय ते वाळूत दिसलं नाही."

काशेला स्वतःचाच राग आला, आणि रागाच्या मागोमाग लाज. ज्या वस्तीत सहा वर्षांचं पोरही बापाचं पाऊल आणि काकाचं पाऊल वेगळं ओळखतं, परवाचं कुठलं आणि आजचं कुठलं ते सांगतं, त्या वस्तीत तो रात्रभर घोंगडीखाली पाय लपवत होता.

"मग कुणी बोललं का नाहीत?" त्याचा आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला.

आता बो बोलला. धनुष्याची दोरी त्यानं अखेर एकदाची बांधली.

"वाट बघत होतो. म्हटलं, आज सांगेल, चहा झाल्यावर सांगेल. माझी दोरी तुटायची वेळ आली, पण तू काही सांगेनास." त्यानं धनुष्य मांडीवर आडवं ठेवलं. "तो कुम्सा. तो म्हणायचा पाय दुखतो, आणि वाळू म्हणायची, छे. दोन वर्षं ऐकलं मी. त्याला घालवला तो दुखण्यासाठी नव्हे, पोरा. तू म्हणतोस काही नाही, आणि वाळू म्हणते, आहे. म्हाताऱ्यानं ऐकायचं कुणाचं?"

बोनं हात पुढे केला.

"बाण दे."

"बाबा?"

"तुझा एक बाण दे. बाणाला काय घोटा असतो? दाबे मारील. तुझ्या बाणानं पडलं तर जनावर तुझं. मग वाटणी तुझ्या डोक्यावर, कुणाला लहान तुकडा गेला म्हणून शिव्या तुलाच. बसून राहायचं काम सोपं वाटतंय का तुला?"

काशेनं भात्यातून बाण काढला. सगळ्यांत सरळ होता तो. टोकापाशी धरायचा नाही म्हणून मागच्या बाजूनं धरून पुढे केला. बोनं तो घेतला, उन्हात फिरवून बघितला आणि दाबेच्या भात्यात घातला. मग बापलेक उठले. घोटभर चहालाही न थांबता दोघं तळ्याच्या दिशेनं चालायला लागले, इतके झपाझप, की सकाळपासून त्यांना किती खोळंबून राहावं लागलं होतं ते आता कळत होतं.

काशे खाली बसला. कुठलाही आधार न घेता, धपकन. बूट निघेना. खोआना आली, पोराला त्याच्या मांडीवर टाकलं आणि दोन्ही हातांनी बूट ओढून काढला. पाय बघून ती एकदा चुकचुकली.

"भोपळा बरा," ती म्हणाली.

काशेला हसू आलं. ते हसू पोटात इतक्या खोल कुठूनतरी आलं की मांडीवरची लेक जागी झाली आणि त्याच्या तोंडाकडे टकामका बघायला लागली. थोड्या वेळानं खोआना कसल्याशा मुळीचा कुटलेला लगदा घेऊन आली. कुणी दिला ते तिनं सांगितलं नाही. पलीकडे दगडांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. टक्. टक्.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर बापलेक परतले. पुढे बो, मागे दाबे. दाबे लंगडत होता.

याचाही पाय सशाच्या बिळात गेला की काय, काशेला वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं. बाण लागला की मारणाऱ्यानं आजाऱ्यासारखं लंगडत घरी यायचं, हळू बोलायचं, हळू खायचं. तो जोमात राहिला तर तिकडे जनावरालाही जोम येतो आणि विष हरतं.

दाबे येऊन शेकोटीशी टेकला. सगळे गप्प. कुणी काही विचारायचं नसतं.

"काही नाही," बऱ्याच वेळानं दाबे पुटपुटला. "एक बारकंसं काहीतरी दिसलं. नीट दिसलंही नाही."

जनावर जेवढं मोठं तेवढं ते बारकं सांगायचं, ही शिकाऱ्याची रीत. बारकंसं म्हटल्यावर खोआनानं हळूच काशेकडे पाहिलं. दाबे इतका नम्र आजवर कधी झाला नव्हता. जनावर प्रचंडच असणार.

"उद्या उजाडता मागावर जाऊ. वस्तीतल्या आणखी दोघांना घ्यावं लागेल," बो जांभई देत म्हणाला. "नुसती हाडं असतील म्हणा. पण टाकून तरी कशी द्यायची?"

आता सगळ्यांना कळलं. काशेला राहवलं नाही. तो हात टेकून उठायला लागला.

"तंबाखू," पाठमोऱ्या तिकायनं हाक मारली, "बस खाली. बाण कुणाचा रे? मारणारा लंगडतोय रीतीनं, बाणाचा मालक लंगडतोय खरोखर. दोघं लंगडल्यावर ते बिचारं जनावर उभं राहील कशाला? तू उड्या मारून घात करू नकोस."

ही रीत मारणाऱ्यासाठी होती. बाणाच्या मालकासाठी अशी काही रीत काशेनं जन्मात ऐकली नव्हती. त्यानं सासऱ्याकडे पाहिलं. बो आपली नळी भरण्यात फार गुंतलेला दिसला.

काशे बसला. पाय आधी सवयीनं वाळूकडे गेला, तिथं थांबला. मग त्यानं तो सरळ केला आणि शेकोटीच्या उजेडात, सगळ्यांच्या पुढ्यात, लांब पसरून ठेवला. सूज उतरत होती, पण होती. निळसर डाग सगळ्यांना दिसत होता.

दीड वर्षात त्यानं कुत्र्यामार्फत निरोप ऐकले होते, धाडला एकही नव्हता.

"तंबाखू," तो घसा साफ करून म्हणाला, "सांग तिकडं. पाय दुखतोय अजून."

तंबाखूनं दोघांकडेही पाहिलं नाही. पलीकडे पाठमोरी बाई क्षणभर तशीच बसून राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसते आहे हे कळू नये म्हणून तिनं घाईघाईनं दगड उचलला.