दिल्ली पास झाली

त्या मंगळवारी दुपारी सौम्याच्या आईनं, मंगलबाईंनी, दिल्लीला पहिल्या वर्गात पास केलं आणि शेजारच्या नागुबाईंनी टाळ्या वाजवल्या.

ही परीक्षा आईनं माहेराहून आणलेली. निपाणीत आजी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला होती. हंगामात तंबाखूची भुकटी थेट घरात यायची. पाण्याच्या घागरीवर पांढरं फडकं बांधायचं, आणि संध्याकाळपर्यंत ते किती तपकिरी झालं यावरून उद्या घरात किती शिंका वाजणार ते सांगायचं. आजी पुढं खोकून खोकूनच गेली. हवा डोळ्यांनी बघून घ्यायची सवय घेऊन आई बेळगावच्या शहापुरात, हातमागाच्या घरात, सून म्हणून आली. सौम्या नोकरीपायी गावोगाव फिरायला लागली, तेव्हा दर वेळी मागावरच्या कोऱ्या कापडाचा वीतभर तुकडा तिच्या बॅगेत पडायला लागला.

"आठ दिस खिडकीला बांध. झटकू नगंस. तसाच घिऊन ये."

तुकडे पत्र्याच्या ट्रंकेत राहायचे, प्रत्येकाच्या काठावर बॉलपेननं शहराचं नाव. सौम्या सुटीला आली की ट्रंक उघडायची आणि नागुबाई चष्मा पुसत हजर व्हायच्या. त्या दिवशीही तसंच झालं. नवा तुकडा बघण्याआधी जुन्यांची उजळणी हवीच.

"ह्यो पुण्याचा. तव्याखालनं काढल्यागत. पस्तीस मार्क, ते बी रडून."

"आन् मुंबई?" नागुबाईंनी विचारलं.

"हात लावून बघ, चिकटतोय. धूर तर हायच, वर खारं बी हाय. नापास."

बेंगळुरूच्या तुकड्यावर सिमेंटची भुकटी बसलेली. नागुबाई म्हणाल्या, "पांढऱ्यावर पांढरं, खपून जातंय की."

"खपतंय काय? आतनं छातीला गिलावा झाला म्हंजे?"

घाटातल्या जंगलात, कणकुंबीला, सौम्या मैत्रिणींबरोबर चार दिवस गेली होती. त्या तुकड्याला शेवाळाचा वास होता आणि घडीत एक वाळलेला किडा. आईनं किड्यासकट पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

"आन् आपलं शहापूर गं मंगल?"

"बाहीर सा म्हयनं रस्ता खणून ठिवलाय. आपलं गाव परीक्षेला बसवायचं नसतंय!"

दोघी हसून हसून वाकल्या. सौम्याही हसली, पण तिचं लक्ष आईच्या हातातल्या दिल्लीच्या तुकड्यावर होतं. तो पांढराशुभ्र होता. असायलाच हवा होता. सौम्यानं तो दोनदा साबण लावून धुतला होता. तिसऱ्या दिवशीच तो चुलीवरचं भांडं उतरवायच्या फडक्यासारखा काळा पडला होता. तो तसा आईला दाखवायचा म्हणजे आजीचा खोकला पुन्हा घरात आणायचा. शिवाय बेळगावातल्या कॉलेजची चालून आलेली नोकरी सोडून ती हट्टानं दिल्लीला गेली होती. 'मला कळतंय माझं,' असं आईला उंबऱ्यात उभं राहून सुनावून गेली होती. आता कुठल्या तोंडानं काही बोलायचं?

"टीव्हीत तर निस्ता धुरळा दावत्यात दिल्लीचा," नागुबाईंना शंका आली.

"टीव्हीवाल्याचं काय ऐकतीस? कापड काय खोटं बोलतंय?"

आईनं तुकडा अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून जरा वेळ चोळला. मग सौम्याकडं न बघताच विचारलं, "बरं वाटतंय न्हवं गं तितं?"

"छान आहे."

"मग झालं. पैला नंबर!"

संध्याकाळी आई तिला गाडीवर सोडायला स्टेशनात आली. डब्यात चपात्या, दाण्याची चटणी आणि गोडाला कुंदा. गाडी हलेपर्यंत ती खिडकीतून 'पाणी उकळून पी' एवढंच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी गाडी भुसावळच्या पुढं असताना नागुबाईंचा फोन आला. आई सकाळी अंगण झाडता झाडता बसली, ती उठली नाही. सौम्या पुढच्या स्टेशनात उतरून मागं फिरली.

तेरावा झाला, पाहुणे गेले. सौम्या कपाट आवरत होती. नागुबाई पीठ घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. तोंडावर हसू दाबल्यासारखं काहीतरी होतं.

"सौम्ये, एक सांगू? रागावू नगंस. तुला गाडीत बसवून आली आन् माज्याकडं यिऊन हसत बसली. म्हणाली, 'नागू, मागाच्या घरात जल्मली आन् एवढं कळंना पोरीला! कोऱ्या कापडात खळ असतीया, कडक लागतंय. दिल्लीचा तुकडा जुन्या लुगड्यागत मऊ. चांगला दोनदा धुतलाय!'"

हातातली साडी खाली ठेवून सौम्या वळली.

"मग मला विचारलं का नाही तिनं?"

"म्या बी त्येच म्हटलं. तर म्हणाली, 'इचारलं तर परत खोटं बोलंल. तिचं तिला वाटलं म्हंजे सांगंल की. मला कुटं जायाचंय?'"

"आणि पहिला नंबर दिला तो?"

"धुण्याला दिला, म्हणाली!"

सौम्याला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तेही मोठ्यानं. हसता हसता ठसका लागला, ठसक्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. नागुबाई धावत येऊन तिची पाठ चोळायला लागल्या. "आगं, किती दिस झालं ह्ये? दावलंस कुणाला?"

सौम्यानं डोळे पुसले. मग तिनं स्वयंपाकघराकडं तोंड वळवलं आणि आई आत भाकऱ्या थापत असल्यासारखं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, छान नाहीये तिथं. दोन जिने चढले तरी धाप लागते मला. तू फोन ठेवलास की मग खोकते मी. मला घरी यायचंय गं."