जांभळ्या पाण्यातलं विष

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बरणीबाबांनी एका तान्ह्याच्या कपाळावरून ओला कापूस फिरवला आणि काचेच्या वाडग्यातल्या जांभळ्या पाण्यात बुडवला. पाणी हिरवं झालं!

"अंगातलं विष!" बाबा गरजले. मग भाज्यांच्या लोणच्याच्या बरणीतलं आंबट पाणी वर ओतलं. हिरव्याचं गुलाबी झालं. "उतरलं! रोज चमचाभर हेच पाजा. डॉक्टर बंद!"

रांगेत उभ्या असलेल्या एका तरुण आईचे डोळे भरून आले. कडेवरच्या लेकीचं वजन वाढत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचं ठरलं होतं. ते तिने तिथेच मनातून रद्द केलं. तिची रसायनशास्त्राची पदवी घरी भिंतीवर टांगलेली होती, आणि बहुधा डोकंही त्याच खिळ्याला.

घरी ती बाबांकडून आणलेल्या लोणच्याच्या पाण्याच्या बाटलीतून चमचा भरत होती. लेकीच्या झबल्यावर बाबांच्या वाडग्यातून उडालेले जांभळे डाग सासूबाई साबणाने चोळत होत्या. डाग हिरवे झाले.

"आई, विष!" ती किंचाळली.

"साबणाच्या अंगात?" सासूबाई म्हणाल्या. "मग त्यालाच पाज चमचाभर."

ती थिजली. जांभळ्या कोबीचा रस! साबण-सोड्याने हिरवा, आंबटाने गुलाबी. कॉलेजात हा प्रयोग करून तिने शाबासकीसुद्धा मिळवली होती. लेकीच्या ओठांशी नेलेला चमचा तिने स्वतःच्या जिभेला लावला. मीठच मीठ!

तशीच ती लेकीला घेऊन सभागृहात परतली.

"बाबा, कुणालाही न लावता कापूस बुडवा."

"बाई, आधी श्रद्धा हवी!"

"कापसाची आहे की."

बाबांनी हात आडवा घालण्याआधीच तिने त्यांच्या तबकातला कापसाचा ओला बोळा उचलून जांभळ्या पाण्याच्या वाडग्यात टाकला. पाणी हिरवं! गर्दी वाडग्याभोवती सरकली.

"याला कुणाचं बाळ शिवलेलं नाही, याला सोडा लावलाय," ती म्हणाली. "आणि लोणच्याच्या दोन फोडी मोठ्यांनी जेवताना खाव्यात, भाजीत घालाव्यात, मजेत. पण ते खारट पाणी तान्ह्यांना नको. एवढं मीठ त्यांना सोसत नाही."

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही, सकाळी रडत होतात की!" मागून एक आजोबा म्हणाले.

"हो ना. आधी घाबरले, मग विचार केला. तुम्ही उलटं करा, आजोबा."

शेजारच्या बाईने आपल्या बाळाच्या तोंडाशी धरलेली बाटली खाली घेतली. "ताई, तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"

"चला, मी तिकडेच निघालेय."